ट्यूब चेसिसमध्ये सीटमागे स्विफ्टचे के-१२ इंजिन: माउंटिंग, वायरिंग, पाण्याचे पाइप, कुठून सुरुवात करू?

कुळागर_गॅरेज (फोंडा)

दोन सीटची उघडी गाडी. चेसिस ३८ मिमी सीडीडब्ल्यू (थंड ओढलेल्या वेल्डेड) पाइपची, पाइपची जाडी २.५ मिमी. सध्या टॅक (ठिपक्यांचे तात्पुरते वेल्ड) मारून उभी आहे, पूर्ण वेल्डिंग बाकी. डोनर, म्हणजे जिचे भाग घ्यायचे ती गाडी, २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल, मागून ठोकलेली. पुढचा भाग, इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम शाबूत, गाडी जागेवर चालू होते. अजून एकही नट सोडलेला नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स आहे तसे आडवेच ठेवून सीटच्या मागे न्यायचे, पुढची नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि लोअर आर्म मागे वापरायचे, रेडिएटर नाकाशी. चार गोष्टी विचारायच्या आहेत. माउंटिंगची मापे कशी घ्यावीत? मूळ ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठेवू की स्टँडअलोन, म्हणजे बाहेरचा स्वतंत्र ईसीएम, घालू? पाण्याचे पाइप किती व्यासाचे? आणि गिअरच्या केबल मागून पुढे कशा आणायच्या? वेल्डर वेर्ण्याचा आहे, काम चोख, पण त्याने इंजिन कधी बसवलेले नाही.

डिचोली_फॅब

नट सोडला नाही हे फार बरे केलेत. इंजिन उतरवण्याआधी डोनरमध्येच जिग (बोल्टच्या जागा पक्क्या धरणारा साचा) बनवा. ४० × ४० × ५ चा अँगल घ्या आणि उजवे इंजिन माउंटिंग, डावे गिअरबॉक्स माउंटिंग आणि खालचा टॉर्क रॉड यांच्या बॉडीकडच्या बोल्टच्या जागा एकमेकींना जोडणारा सांगाडा वेल्ड करा. लोअर आर्मचे सबफ्रेमवरचे बोल्टही त्याच सांगाड्यात घ्या, म्हणजे इंजिन आणि चाक यांचे नाते त्यात पक्के होते. टेपने घेतलेली मापे ५ मिमीने चुकतात. जिग चुकत नाही.

त्याशिवाय तीन नोंदी करा. डोनर सपाट लादीवर चारही चाकांवर उभी असताना गिअरबॉक्समधून एक्सल बाहेर पडतो त्या मध्यबिंदूची उंची आणि हबच्या मध्याची उंची मोजा. इंजिनाचा पुढे-मागे कल अँगल गेजने पाहा, गेज ठेवायला गिअरबॉक्सवरची मशीन केलेली सपाट जागा निवडा. तिसरी नोंद म्हणजे दोन्ही हबच्या तोंडांमधले अंतर. नव्या गाडीत हे अंतर डोनरइतकेच ठेवा. गाडी रुंद दिसावी म्हणून ते ४० मिमीने वाढवले की एक्सल आतल्या जॉइंटमधून तेवढा बाहेर ओढला जातो, आणि चाक खाली लोंबले की ट्रायपॉड (जॉइंटमधला तीन रोलरचा भाग) कपातून सुटतो. रुंदीच हवी असेल तर ती रिममधून घ्या.

इंजिन फिरवून, म्हणजे तोंड उलटे करून बसवायचा मोह होतो, कारण केबलची बाजू सोयीची होते. तसे केलेत तर रिव्हर्सचे पाच गिअर आणि पुढे जायला एक! आहे त्याच तोंडाने सरळ मागे न्या.

माउंटिंगच्या प्लेटा ६ मिमी एमएस (साधे पोलाद), लेझरने कापून घ्या, वेर्ण्यात किंवा कुंडईत होईल. गिअरबॉक्सकडच्या प्लेटची भोके ६ मिमीने लांबट ठेवा. पूर्ण वेल्डिंगनंतर चेसिस ३-४ मिमी ओढली जातेच, मग इंजिन सरळ बसवून जाड वॉशर त्या प्लेटला वेल्ड करायचा. वेल्डिंग होईपर्यंत चेसिसमध्ये जिग बोल्ट करून ठेवा, इंजिन नको. रबर भाजते आणि ठिणग्या थ्रॉटलमध्ये जातात.

टॉर्क रॉडला कमी लेखू नका. ११४ न्यूटन-मीटरचे इंजिन असले तरी पहिल्या गिअरमध्ये एक्सलवर त्याचे बारा-चौदा पट होतात, म्हणजे १५०० च्या आसपास. त्याची उलटी पिळवट इंजिनाच्या बैठकीवर येते. टॉर्क रॉड साधारण ३०० मिमी अंतरावर असेल तर त्याच्या बोल्टवर ५०० किलोचा ओढा बसतो. बऱ्याचदा हा रॉड आडव्या पाइपच्या मधोमध वेल्ड केलेला असतो आणि मग वेल्डच्या कडेने पाइप फाटतो. जिथे निदान तीन पाइप भेटतात तिथेच तो घ्या. आणि बुश आधी कंपनीचेच घाला. पॉलियुरेथेन घातलेत तर पाइपची चेसिस तंबोऱ्यासारखी घुमते, आणि हादऱ्याने वायरिंगचे क्लिप सुटतात.

म्हापसा_वायरमन

मूळ ईसीएम ठेवा, निदान पहिले वर्ष. वायरिंगबद्दल एकच आग्रह: डोनरचे सगळे वायरिंग न कापता उतरवा, डॅशबोर्डपासून टेललाइटपर्यंत. भंगारवाला "इंजिनचे वायरिंग वेगळे देतो" म्हणतो तेव्हा तो फायरवॉलपाशी कटर मारतो आणि नेमके कामाचे धागे तिथेच तुटतात.

जपून ठेवायचा संच: ईसीएम, आयकॅट्सचा (मारुतीची चोरीविरोधी यंत्रणा) इमोबिलायझर, इग्निशन लॉक आणि त्याभोवतीची अँटेनाची रिंग, दोन्ही चाव्या, बॉडी कंट्रोलचा डबा, मीटर, दोन्ही फ्यूज बॉक्स आणि ॲक्सिलरेटर पेडल. यातला एक दुसऱ्या गाडीचा आला की सेल्फ फिरेल, इंजिन क्षणभर पकडेल आणि बंद पडेल, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहील. थ्रॉटल बॉडीवर केबलची चक्री नसून सहा पिनांचा कनेक्टर असेल तर पेडल त्याच गाडीचे लागते, आणि त्याच्या सहाही तारा न बदलता जायला हव्यात.

एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी बॅटरी काढून दहा मिनिटे थांबा.

सगळे उतरवल्यावर इंजिन लाकडी पॅलेटवर ठेवा, संपूर्ण वायरिंग जमिनीवर अंथरा आणि तिथे चालू करा. चालले की मगच काटछाट, एका वेळी एक फांदी, प्रत्येक वेळी परत चालू करून. आधी दरवाजे, मग मागचा वायपर, मग म्युझिक. एबीएसचे युनिट काढण्याआधी स्पीडचा सिग्नल कुठून येतो ते सर्किट डायग्रॅममध्ये पाहा. तो एबीएसवरून येत असेल तर युनिट काढल्यावर स्पीड शून्य दिसतो आणि गाडी गिअरमध्ये सोडली की आयडल वर-खाली होतो.

आणखी एक खोड. मॉड्यूल काढत गेलात की कॅन लाइन (मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) आंधळी होते. बॅटरी काढून ओबीडी (दोष तपासणीच्या) सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. ६० ओहमच्या जवळपास हवा. १२० दाखवला तर काढलेल्या डब्यात टोकाचा रेझिस्टर होता. तो डबा परत लावा, नाहीतर त्या टोकाला १२० ओहम घाला. इमोबिलायझरवर शंका घेऊन दोन-दोन दिवस जातात आणि दोष इथे असतो.

इंजिन मागे गेले की ईसीएमही मागे न्या, सीटमागच्या पत्र्यावर, कोरड्या बाजूला, कनेक्टर खाली तोंड करून. म्हणजे क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर यांच्या तारा मूळ लांबीच्याच राहतात. लांबवायच्या त्या फक्त पेडल, मीटर, इग्निशन, ब्रेक आणि क्लचचा स्विच, ओबीडी. एकाच जागी सगळे जोड आणू नका, ४० मिमी अंतराने मागे-पुढे करा. क्रिंप करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसती सोल्डर केलेली तार जोडाच्या कडेला हादऱ्याने तुटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असते. उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो, त्यामुळे कनेक्टरमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस भरा.

बॅटरी पुढे ठेवणार असाल तर सेल्फपर्यंतची केबल ३५ चौरस मिमीची घ्या. ३ मीटरवर १५० अँपिअरला तीत सुमारे ०.२२ व्होल्ट पडतात, १६ चौरस मिमीच्या केबलीत जवळपास अर्धा व्होल्ट. अर्थिंग चेसिसच्या पाइपवर सोपवू नका. इंजिन ब्लॉकपासून चेसिसला २५ ची पट्टी आणि बॅटरीपासून मागेपर्यंत वेगळी निगेटिव्ह केबल. पावडर कोटिंगवर बोल्ट कसून "अर्थ दिला" म्हणणारे पुष्कळ भेटतात. रंग खरवडल्याशिवाय तिथून काही जात नाही.

कुळागर_गॅरेज (फोंडा)

जिगची कल्पना एकदम पटली. दादा, ईसीएमबद्दल एक शंका: एक ट्यूनर म्हणतो की स्टँडअलोन घातला तर इमोबिलायझर, कॅन, सगळा ताप संपतो, सहा तारांत काम होते.

म्हापसा_वायरमन

सहा तारांत कार्बोरेटरची गाडी चालते. या इंजिनात चार कॉइल, चार इंजेक्टर, क्रँक आणि कॅम सेन्सर, व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल व्हॉल्व्ह, नॉक सेन्सर, मॅप (इनटेकमधल्या दाबाचा सेन्सर), हवेचे आणि पाण्याचे तापमान. आणि थ्रॉटल मोटारीचा असेल तर त्याची दुहेरी तपासणी. स्टँडअलोनमध्ये ही तपासणी नीट बसवली नाही तर थ्रॉटल उघडाच राहू शकतो. तार जोडणे सोपे, थंड इंजिनाची सुरुवात आणि आयडल जमवायला दिवस लागतात. पुढे टर्बो घालायचा असेल तरच त्या वाटेला जा.

वास्को_कूलंट

पाण्याचे पाइप आतून ३२ मिमीचे. अॅल्युमिनियम किंवा एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४. एमएस नको, गंज सुटून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. ३२ मिमीच्या पाइपात मीटरला ०.८ लिटर मावते. जाणारा-येणारा मिळून ४.८ मीटर धरले तर जवळजवळ ४ लिटर कूलंट नुसत्या पाइपांत. डोनरच्या मापाने आणलेला कॅन पुरायचा नाही. पन्नास टक्के कूलंट, पन्नास टक्के डिस्टिल्ड पाणी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको.

गरम होण्याच्या तक्रारी बहुतेक वेळा रेडिएटर लहान म्हणून नसतात, अडकलेल्या हवेमुळे असतात. पाइप चेसिसच्या खालच्या कडेने सरळ न्या, वाटेत उंटासारखा कुबड नको. दाबाचे झाकण असलेली टाकी गाडीतल्या पाण्याच्या सर्वांत उंच जागी, म्हणजे इंजिनाच्या वर. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून ६ मिमीची बारीक नळी त्या टाकीत परत आणा, हवा आपोआप निघते. टाकीच्या तळातून १९ मिमीचा होज पंपाच्या ओढीकडच्या बाजूला. पहिल्यांदा भरताना गाडीचे नाक जॅकवर अर्धा फूट उचला आणि रेडिएटरचा वरचा ब्लीड उघडा. धार अखंड आली की बंद करा आणि नाक खाली घ्या.

हीटर नको म्हणून त्याची दोन तोंडे बुच मारून बंद करू नका. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला ती वाट लागते. दोन्ही तोंडे एका होजने एकमेकांना जोडा.

पाइपच्या टोकांना गोट काढून घ्या, म्हणजे उठलेली कड. गुळगुळीत टोकावरून होज क्लिप कितीही कसली तरी दाबाने होज घसरतो, आणि झाकण १.१ बारचे आहे. पाइप सीटच्या मांडीला लागून नेलेत तर मे महिन्यात तुम्हालाच कळेल. बाहेरच्या कडेने न्या आणि वर फोमचे आवरण द्या.

पेट्रोलचे थोडक्यात. टाकी आणि आतले पंप मॉड्यूल डोनरचेच बसत असेल तर उत्तम, प्लास्टिकची टाकी गंजत नाही. नवी टाकी केलीत तर एसएस ३०४, १.५ मिमी, आत दोन आडभिंती. रबरी होजवर आर९ (इंधनाच्या होजचा दर्जा) छापलेले पाहून घ्या. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल. २०१३ च्या गाडीची जुनी रबरे आधीच टणक झालेली असतात, इंजिनाकडचा होज आणि ओ-रिंग नवेच घाला. कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरणारा डबा) आणि त्याची वाफ इंजिनात नेणारी पर्जची नळी फेकू नका, तिच्याविना उघड्या गाडीतही पेट्रोलचा वास येत राहतो.

हवेचा फिल्टर मागच्या चाकाच्या फवाऱ्यापासून दूर. जांभ्याचा तांबडा चिखल ओल्या फिल्टरवर बसला की त्याची वीट होते.

मडगाव_कॅम्बर

कोणी चाकांकडे पाहिलेच नाही, म्हणून लिहितो. पुढची नकल मागे नेली की तिच्यावर टाय रॉडचा हात येतो. तो मोकळा ठेवता येत नाही. त्याला चेसिसशी जोडणारी, लांबी बदलता येणारी टो लिंक (चाकाचा आत-बाहेर कल, म्हणजे टो, ठरवणारा दांडा) लागते. तिचे आतले टोक मनाला येईल तिथे वेल्ड केले की चाक वर-खाली होताना मागचे चाकच वळते. वळणात ट्रॅकच्या कडेच्या चिरेवर चाक उचलले की गाडी शेपूट टाकते, आणि चालकाला वाटते टायर खराब.

उपाय डोनरमध्येच आहे. स्टीअरिंग रॅकमधला आतला बॉल जॉइंट लोअर आर्मच्या बिजागरीपासून किती वर, किती पुढे-मागे आणि किती आत आहे ते जिगवर पंच करा, आणि टो लिंकचे आतले टोक तंतोतंत तिथे आणा. नंतर स्प्रिंग काढून चाक ६० मिमी वर ते ६० मिमी खाली १०-१० मिमीने हलवा आणि हबवर सरळ पट्टी बांधून टो मोजा. पूर्ण हालचालीत १ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आतल्या टोकाखाली पत्र्याच्या शिम घालून उंची बदला. उभ्या गाडीत मागे एकूण २ ते ३ मिमी टो-इन (चाकांची पुढची टोके आत). टो-आउट मुळीच नको.

आता ब्रेक. डोनरच्या पुढच्या कॅलिपरला हँडब्रेक नसतो. पुढचे कोपरे मागे नेलेत की गाडीला हँडब्रेकच उरत नाही. हे बहुधा गाडी पहिल्यांदा उतारावर उभी करताना ध्यानात येते. केबलने चालणारा वेगळा छोटा कॅलिपर त्याच डिस्कवर बसवा, त्यासाठी नकलवर ८ मिमीची प्लेट लागेल. दुसरे, आडव्या इंजिनाच्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत ब्रेकची लाइन बहुधा तिरकी विभागलेली असते: पुढचे डावे, मागचे उजवे. तुमच्या गाडीत वजन ४०:६० च्या आसपास मागे जाईल, म्हणून लाइन पुढची एक आणि मागची एक अशी वेगळी करा. मागच्या लाइनवर फिरवता येणारा प्रेशर व्हॉल्व्ह बसवा आणि पुढे निदान तेवढ्याच मापाच्या डिस्क घाला. चाचणी ओल्या मोकळ्या जागेत, ४० च्या वेगाने: पुढची चाके आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक होत असतील तर व्हॉल्व्ह अर्धा फेरा कमी करून पुन्हा.

एक्सल काढलेला हब वजनावर ढकलू नका. एक्सलचा नट बेअरिंगला एकत्र धरून असतो. गॅरेजभर चेसिस इकडून तिकडे नेताना बेअरिंगचे दोन तुकडे सरकतात आणि नंतर घरघर सुरू होते. जुना आउटर जॉइंट कापून नुसता त्याचा दांडा हबमध्ये नटासकट कसून ठेवा.

पेडणे_पासिंग

तांत्रिक सगळे ठीक, पण पात्रांव, ही गाडी रस्त्यावर आणायची आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलणे वेगळे. घरी घडवलेल्या चेसिसला आरसीच नाही, तिला प्रोटोटाइप म्हणून पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहन तपासणाऱ्या) संस्थेची मंजुरी लागते, तीही केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली. एका गाडीसाठी तो खर्च कोणी करत नाही. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि अपघात झाला तर विमा नाही.

सबब खाजगी जागा किंवा ट्रॅक, आणि नेणे-आणणे ट्रेलरवर. डोनरची आरसी कलम ५५ खाली रद्द करून घ्या, खरेदीची पावती इंजिन नंबरासकट फाइलला ठेवा. डोनरचा चेसिस नंबर कापून नव्या पाइपावर लावायचा सल्ला कोणी देईल. तो सरळ गुन्हा आहे.

कुळागर_गॅरेज (फोंडा)

ट्रॅकसाठीच आहे, ट्रेलर आहे. हँडब्रेकचे खरेच सुचले नव्हते. आज जिगचा अँगल आणला. केबलचा मार्ग दोरीने मोजला: गिअरबॉक्सच्या लिव्हरपासून मागे वळसा घेऊन सीटच्या मधल्या गिअरच्या दांड्यापर्यंत २.७ मीटर. गिअरबॉक्सवर केबल मागच्या बाजूने येतात, दांडा पुढे आहे. आणि क्लच केबलचा आहे.

डिचोली_फॅब

२.७ मीटरच्या पुश-पुल केबल मापाने करून मिळतात, दोन्ही टोकांचे आय एंड डोनरच्या केबलीवरून जुळवा. बेळगावला उद्यमबागेत चौकशी करा. वळशाची त्रिज्या २०० मिमीच्या खाली जाऊ देऊ नका आणि पूर्ण मार्गात एकच मोठा वळसा ठेवा. दोन वळसे झाले की तिसरा गिअर चिखलात हात घातल्यासारखा लागतो. एक्झॉस्टपासून १०० मिमी दूर, मध्ये १ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा.

वळसा टाळायचा असेल तर गिअरबॉक्सवरची केबलची ब्रॅकेट उलट बाजूला नवी करा, म्हणजे केबल थेट पुढून येईल आणि १ मीटर वाचेल. पण मग ढकलणे ओढणे होते आणि पहिला गिअर दुसऱ्याच्या जागी जातो. तो गिअरबॉक्सवर सुधारत बसू नका. दांड्यावर केबलचे टोक बिजागरीच्या खाली असेल तर तेवढ्याच अंतरावर वर घ्या, दिशा परत सरळ होते. शिफ्टची आणि सिलेक्टची केबल वेगवेगळी तपासा, दोन्ही उलटतीलच असे नाही.

क्लचला लांब केबल घालू नका, पाय भरून येतो. हायड्रॉलिक करा: पेडलशी १५.८७ मिमीचा मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सशी १९.०५ मिमीचा ओढणारा स्लेव्ह सिलिंडर. मास्टर ३० मिमी सरकला की स्लेव्ह सुमारे २१ मिमी सरकतो. डोनरमध्ये आत्ता, केबल जागेवर असताना, पेडल पूर्ण दाबून क्लचचा हात टोकाशी किती मिमी येतो ते मोजून इथे लिहा. २१ पेक्षा बराच कमी असेल तर पेडलखाली स्टॉपर बोल्ट लावावा लागेल, नाहीतर प्रेशर प्लेटची बोटे गरजेपेक्षा जास्त दाबली जातात.